पाण्याचा गट

श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस.
दर शनिवारी चाळीसदा म्हणते मी हे,
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं बारा ते पंधरा वर्षांची मुलं
उपाशीपोटी येऊन बाकावर बसतात,
शर्ट खाली ओढत.
आयांच्या पिशवीत डबा तयार असतो.
रक्त दिलं की लगेच खा हं, चक्कर येईल.

टेप शेवटच्या बरगडीखाली,
कमरेच्या हाडावर, दोन्हींच्या मधोमध.
सगळी पोरं श्वास कोंडतात.
वर्गाच्या फोटोत, पोहण्याच्या तासाला,
मावशीच्या "केवढा झालास रे" समोर
कोंडत आली आहेत, तसाच.

बारा आठवडे, रोज एक लिटर.
कुणाला साय काढलेलं दूध,
कुणाला निवळीतलं प्रथिन, कुणाला चोथ्यातलं,
आणि एका गटाला नुसतं पाणी.
चिठ्ठ्या संगणक काढतो.
त्याच्याकडे वशिला चालत नाही.

गुरुराज हिरणवाळे, वय चौदा, वजन ब्याऐंशी.
घर दूधभट्टीमागं, तीन पिढ्यांचा गोठा.
गट : पाणी.

वडील आले, हेल्मेट काखेत,
शर्टाला म्हशीचा ऊबदार वास.
मी समजावायची वाक्यं जुळवत होते.
त्यांनी फॉर्मवर बोट ठेवून ओळ वाचली
आणि असे हसले की वजनकाट्याचा काटा हलला असावा.
"साठ वर्षं झाली मॅडम,
माझ्या बापाला विचारायचे, मला विचारतात,
आज पाणी किती घातलंय?
आता तुम्हीच शिक्का मारून देताय, शंभर टक्के.
सही कुठं करू?"

मग जरा थांबून,
"घरचं दूध बंद करायचं नाही ना?"
नेहमीचं चालेल, म्हटलं.
नेहमीचं म्हणजे काय, ते त्यांनी बोटांवर मोजलं :
सकाळचा पेला, वरची साय पोराची,
म्हैस व्यायली की खरवस,
रात्री गूळ घालून परत एक.
"गवळ्याचं पोर वाळकं दिसलं
तर गिऱ्हाईक म्हणतं, दुधातच खोट आहे."
म्हणजे चौदा वर्षं
दुकानाची पाटी झालं होतं ते पोर.

इन्सुलिनचं मी असं सांगते :
साखर घेऊन कुणी पेशीच्या दारावर उभं,
कडी वाजवतंय, आतून कुणी उघडत नाही,
म्हणून आणखी माणसं पाठवायची, आणखी.
"दुपारी एकनंतर सदाशिव पेठेत
रतीब घालायला गेल्यासारखं," वडील म्हणाले.
गेल्या दोन वर्षांत
इतकं नेमकं कुणाला कळलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात गुरुराजनं विचारलं,
"पाणी पिणाऱ्यांचा उपयोग काय?"
तुमच्याशी ताडूनच बाकीच्यांचं कळतं, म्हटलं.
तो विचारात पडला.
"लॅक्टोमीटर आधी पाण्यात सोडून बघतात.
शून्य बरोबर आहे का ते."
"हो, तसंच."
"म्हणजे मी शून्य."
शाळेत त्याला किटली म्हणतात, हे मला
त्याच्या वहीच्या मागच्या पानावरून माहीत होतं.
तिथं कुणी झाकणासकट चित्र काढलं होतं,
आणि त्यानं पेनानं
झाकणाला बारीक नक्षी केली होती.

शून्य नसेल तर बाकी सगळे आकडे लोंबकळतात, मी म्हणाले.
पटलं की नाही, कळलं नाही.
रोजच्या बाटलीसमोर टिकमार्क मात्र एकही चुकला नाही,
तापातल्या दोन दिवशीसुद्धा.

दूध कुणाच्या कमरेत जाईल, कुणाच्या हाडात,
कुणाच्या रक्तात कडी वाजवत बसेल,
ते अजून नळ्यांमध्ये गोठवलेलं आहे.
मला विचारू नका.

शेवटचा शनिवार. टेप लावली.
मी तोंड उघडायच्या आत त्यानं श्वास सोडला,
सहज, सबंध.
मी म्हटलं, पाण्याच्या गटाला आता संस्थेकडून
महिनाभराचं दूध मिळणार, भेट म्हणून.
पाकिटं घेऊन जा.
दारातून वडील ओरडले,
"पाकिटातलं? आमच्या घरात?"
गुरुराज हसायला लागला, पोट धरून नव्हे,
पोट सोडून.
टेप सटकली.
पुन्हा मोजावं लागलं.